पातेलं एकच

टॅमरॅक कॉलेज, विस्कॉन्सिन
१२ सप्टेंबर १९९३

प्रिय अर्वोमामा,

पोचले. आईनं बांधून दिलेला वेलदोड्याचा गोड पाव, निसु, बसमध्येच संपला. तिला सांगू नकोस, आठवडाभर पुरव म्हणाली होती.

निघताना तू विचारलं होतंस, "एवढे पैसे तुला कोण देतंय आणि का?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. कॉलेजच्या पत्रात चार वेगवेगळी नावं आहेत: पेल अनुदान, पूरक अनुदान, वर्क-स्टडी आणि पर्किन्स कर्ज. मी समजत होते की सरकार एकच आहे, तर पैसेही एकच असतील. शेवटी न राहवून आर्थिक मदतीच्या ऑफिसात गेले. तिथे मिसेस ड्यूफ्रेन म्हणून एक बाई बसतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस. बहुतेक मुलं सही करतात आणि पळतात."

त्यांनी सांगितलं ते असं. पेलचे पैसे माझ्यामागे फिरतात. मी उद्या दुसऱ्या कॉलेजात गेले तर ते तिकडे येतील. नियमात बसणाऱ्या प्रत्येकाला ते मिळतात, मग देशात अशी मुलं कितीही असोत. पण बाकीचे तीन प्रकार कॉलेजच्या घरातले. वॉशिंग्टनहून दर वर्षी या कॉलेजला ठरावीक रक्कम येते, त्यात कॉलेज स्वतःची थोडी भर घालतं, आणि कोणाला किती द्यायचं ते नियमात राहून मिसेस ड्यूफ्रेन ठरवतात. जास्त गरज असेल त्याला आधी.

मी म्हटलं, "म्हणजे चर्चमधल्या जेवणासारखं? पातेलं एकच?"

"पातेलं एकच," त्या म्हणाल्या. "आणि तू रांगेत लवकर आलीस."

आता गंमत ऐक. वर्क-स्टडी म्हणजे शिकता शिकता पगारी काम, आणि मला मिळालेलं काम माशांचं आहे. ऑस्बीबाई म्हणून प्राध्यापक आहेत, त्या तुझ्या सुपीरियर सरोवरातल्या ट्राउटचा अभ्यास करतात. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, भाताच्या शितापेक्षा लहान एक खडा असतो. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात. वर्तुळं मोजली की माशाचं वय कळतं. तुला ठाऊक होतं का हे? इतकी वर्षं तुझी मालवाहू बोट त्यांच्या डोक्यावरून जातेय.

तुझी,
एल्मा


बोटीवरून, सू
३ ऑक्टोबर १९९३

प्रिय एल्मा,

पत्र इथे सू गावच्या पाणदारात, जिथे बोटी एका सरोवरातून दुसऱ्यात उतरवतात, तिथे हातात पडलं. बोट खालच्या पातळीला उतरेपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

म्हणजे आमच्या पगारातून सरकार कर कापतं आणि ते पैसे माझ्या भाचीला माशांचे कान तपासायला देतं. मी डेकवर सांगितलं तर सगळे खूश झाले. आता कोणी कामात दिसला नाही की म्हणतात, वर्क-स्टडीला गेला असेल. माशाचं वय मला ठाऊक नव्हतं. मी त्याला भाजून किती वेळ झाला एवढंच बघत आलो.

आमचा स्वयंपाकी टेसियर याच्या डोक्यात मात्र हे फार बसलंय. सारखा विचारत असतो. त्याचे प्रश्न लिहितो. तू मिसेस ड्यूफ्रेनना विचार, पण नाव सांगू नकोस, लाजाळू आहे. माणूस तिशी ओलांडलेला असला तर हे पैसे मिळतात का, की पोरांसाठीच आहेत? फॉर्मवर आईबापाची मिळकत विचारतात, पण आईबाप दोघंही वर गेलेले असले तर काय लिहायचं? आणि वर्क-स्टडीत काम नाही केलं तरी पैसे मिळतात का? शेवटचा प्रश्न माझा आहे.

अजून एक. टेसियरनं शाळा अर्धवट सोडलीय. त्याचं काही होतं का, तेही बघ.

थंडीचे मोजे घाल.

अर्वोमामा


टॅमरॅक कॉलेज
१७ ऑक्टोबर १९९३

प्रिय मामा,

टेसियरचे प्रश्न घेऊन गेले होते. मिसेस ड्यूफ्रेन त्यांच्यावर भलत्याच खूश झाल्या. म्हणाल्या, "हा माणूस मला भेटायला हवा."

तर ऐक. वयाची अट नाही. उलट चोविशीच्या पुढच्या माणसाला आईबापाची मिळकत विचारतच नाहीत, त्याची स्वतःचीच बघतात. शाळा सोडलेल्यांसाठी एक परीक्षा असते, ती पास झाली की शाळेच्या दाखल्याइतकीच धरतात. त्यानंतर फॉर्म भरायला तो मोकळा. फॉर्म फुकट आहे. भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस, म्हणजे त्याला सांग, देऊ नको.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पत्रात जो आकडा असतो तो हातात मिळत नाही, तेवढ्यापर्यंत कमावता येतं, एवढाच त्याचा अर्थ. जितके तास काम, तितका पगार. माझ्या पगाराचे चार भाग केले तर तीन वॉशिंग्टनचे आणि चौथा कॉलेजचा. म्हणून ऑस्बीबाईंना मी परवडते. पूर्ण पगार द्यावा लागला असता तर मासे म्हातारे झाले तरी कोणी मोजले नसते.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पर्किन्सचं. ते कर्ज बँकेचं नसतं. कॉलेजच्या एका निधीतून येतं आणि इथून शिकून गेलेली माणसं जे परत करतात ते पुन्हा त्याच निधीत पडतं. म्हणजे माझ्या पुस्तकांचे पैसे कोणीतरी, कुठेतरी, पंधरा वर्षांपूर्वी शिकून गेलेला माणूस या महिन्यात भरतोय. मी विचारलं, कोण? मिसेस ड्यूफ्रेन हसल्या. "ते मलाही ठाऊक नाही. आणि तू भरशील ते ज्याला मिळेल त्यालाही तू ठाऊक नसशील." व्याज पाच टक्के, तेही कॉलेज सोडल्यावर नऊ महिन्यांनी सुरू. शिक्षक किंवा नर्स होऊन ठरलेल्या नियमांप्रमाणे काम केलं, तर दर वर्षी थोडं थोडं माफही होतं.

टेसियरच्या नावानं मी माहितीपत्रकांचं पाकीट बोटीच्या पत्त्यावर टाकलंय. त्याला द्यायला विसरू नकोस.

एल्मा

ता. क. काल मोजलेला मासा माझ्याहून वयानं मोठा निघाला. त्याच्यासमोर उगाच ओशाळल्यासारखं झालं.


मार्केट, मिशिगन
२१ फेब्रुवारी १९९४

प्रिय एल्मा,

फोनवर तू रडत होतीस म्हणून नीट लिहितोय. तुझी आई, आमची लेम्पी, ठीक आहे. ती काम करते त्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बर्फ होता, तिथे घसरली. खुबा मोडला होता, त्यात आता पट्टी आणि स्क्रू घातलेत. सरोवर गोठलंय, बोट बांधून ठेवलीय, त्यामुळे मी इथेच आहे. तू परीक्षा सोडून येऊ नकोस. आलीस तर लेम्पी त्याच खुब्यावर उठून तुला मारेल.

इथे दवाखान्यात तिच्याकडे एक पुरुष नर्स आहे, ह्यूगो नावाचा. माणूस म्हणजे अस्वल. पूर्वी खाणीत होता. त्यानं लेम्पीला कुशीवर वळवलं ते मी बघत होतो. मी बोटीवर कधी अंडंसुद्धा इतक्या हलक्या हातानं ठेवलं नाही. त्याच्या हाताखाली ती ओरडली नाही, आणि माझी बहीण डॉक्टरनं नुसतं बघितलं तरी ओरडते. मी विचारलं, "तू इथे कसा?" तो म्हणाला, "खाण बंद झाली. मग शाळेत गेलो." जणू काही किराणा आणायला गेला होता.

तुझ्या पुढच्या वर्षाच्या फॉर्मचं तू विचारलंस. लेम्पीच्या पगाराचे कागद घरी आहेत आणि ती म्हणते मीच घरी आल्यावर बघेन, माझ्या खणाला कोणी हात लावायचा नाही. एक मार्चची मुदत गाठता येईलसं दिसत नाही. औषधांच्या गुंगीत तिला दामटवणं मला बरं वाटत नाही.

शनिवारी मला दिवसभर एका कामाला जायचंय. शेजारच्या मिसेस पेल्टो तिच्याजवळ बसणार आहेत.

अर्वोमामा


टॅमरॅक कॉलेज
८ मार्च १९९४

प्रिय मामा,

आईशी बोलले. आवाज तिचाच होता, म्हणजे शिव्या देत होती. हायसं वाटलं.

फॉर्मची तारीख गेली. जाऊ दे. एप्रिलमध्ये कर भरला की मग भरू. मिसेस ड्यूफ्रेनना विचारायला गेले होते, पण दाराबाहेर रांग होती आणि सगळ्यांच्या हातात तयार कागद. मी परत आले.

तुझं शनिवारचं काम कसलं होतं? आई म्हणते, तू घरी आलास तेव्हा बोटांना शाई होती आणि जेवलाही नाहीस. कोणी बाई असेल तर तिला निदान पेस्टी खायला घाल.

एल्मा


टॅमरॅक कॉलेज
११ सप्टेंबर १९९४

प्रिय मामा,

उन्हाळ्यात आपली भेट दीडच दिवस झाली आणि त्यातही तू झोपून होतास, म्हणून लिहितेय.

आई काठी घेऊन चालते, ते तू पाहिलंसच. मी मजेत आहे. या वर्षी माशांचं काम सोडलं. तेच तेच मोजून कंटाळा आला होता. आता गावातल्या पिझ्झाच्या दुकानात आहे, तिथे माणसं तरी भेटतात. रात्री उशीर होतो, पण उरलेला पिझ्झा मिळतो. आईला काही लिहू नकोस, तिला वाटेल मी अभ्यास सोडला.

टेसियरचं पुढे काय झालं? त्यानं परीक्षा दिली का?

एल्मा


बोटीवरून, सू
२५ सप्टेंबर १९९४

कुमारी हौताला यांस,

तुमचं पत्र तुमच्या मामाच्या नावानं बोटीवर आलं. तो ऑगस्टपासून बोटीवर नाही, म्हणून मी ते त्याच्या नव्या पत्त्यावर पाठवलंय. तुम्ही त्याची वाट बघत असाल म्हणून या चार ओळी. मी पत्र उघडलेलं नाही, पण ज्या पाकिटातून मागच्या वर्षी माझ्या नावानं कॉलेजची माहितीपत्रकं आली होती त्यावरचं अक्षर ओळखलं.

त्याबद्दल विचारायचं बरेच दिवस मनात होतं. मला कॉलेजात जायचंय असं तुम्हाला कोणी सांगितलं? मी त्रेपन्न वर्षांचा आहे, माझी आई जिवंत आहे आणि शाळा मी पूर्ण केलीय. पाकीट उघडलं तर नीमीनं, म्हणजे तुमच्या मामानं, ते हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "चुकून आलं असेल, मी ठेवतो." पुढे मोसम संपेपर्यंत तो पहारा संपला की माझ्या स्वयंपाकघरात बसून अपूर्णांक सोडवायचा. बटाटे सोलायला सांगितले तर म्हणायचा, एवढं उदाहरण होऊ दे.

तो इथे नाही तर जेवताना बोलायला कोणी नाही. त्याला सांगा.

आपला,
एमिल टेसियर


मार्केट
२ ऑक्टोबर १९९४

प्रिय एल्मा,

टेसियरचं पत्र तुला मिळालं असेल, तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात आहे. नर्सिंगला अजून घेतलेलं नाही. त्याआधी बीजगणित आणि दोन-तीन विषय पास व्हावे लागतात. शनिवारचं काम म्हणजे शाळेची परीक्षा होती. पास झालो. कोणाला सांगितलं नाही, म्हणजे नापास झालो असतो तर सांगावं लागलं नसतं. लेम्पीला गेल्या आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, "मग शाई तेव्हाच धुवायची होतीस."

वर्गात गेलो की पोरं गप्प होतात. पहिल्या आठवड्यात एका मुलीनं मला मास्तर समजून गृहपाठ आणून दिला.

आता तुझ्याकडे वळतो. मासे मोजून कंटाळा आला म्हणतेस. ज्या मुलीनं मला एका वर्षात माशांच्या कानांवर सात पत्रं लिहिली तिला कंटाळा आला, हे मी मानू? मी फॉर्म भरले, रांगेत उभा राहिलो, त्यामुळे काय झालं असेल ते मला आता कळतं. फॉर्म उशिरा गेला. पेल आलं, कारण ते यायचंच. पण पातेलं तोवर रिकामं झालं होतं. खरं की नाही?

उशीर आमच्या घरामुळे झाला, तुझ्यामुळे नाही. पण मला राग त्याचा नाही. तू एका अनोळखी स्वयंपाक्यासाठी त्या ऑफिसात जाऊन चार-चार प्रश्न विचारलेस. स्वतःसाठी एकही विचारला नाहीस. रांग बघून परत आलीस. आपल्या घरात हे सगळ्यांनाच आहे. मीसुद्धा टेसियरच्या आड लपलो. लेम्पी पायरीवर पडली तेव्हा हाक मारायच्या ऐवजी कितीतरी वेळ तशीच पडून होती, कारण आत सगळे कामात होते.

इथल्या ऑफिसात मला सांगितलं की काही मुलं ठरलेले तास घेतच नाहीत, काही मध्येच सोडून जातात, आणि ते पैसे दुसऱ्याला देता येतात. तुमच्याकडेही असेल. जा आणि विचार. नाव टेसियरचं सांगितलंस तरी चालेल.

अर्वोमामा


टॅमरॅक कॉलेज
६ नोव्हेंबर १९९४

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. चार दिवस उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं. पाचव्या दिवशी ऑफिसात गेले.

मिसेस ड्यूफ्रेनना सगळं सांगितलं: आईचं पडणं, कागद, तारीख. त्यांनी चष्मा काढला. "मार्चमध्ये का नाही आलीस? मागच्या वर्षीच्या अंदाजानं आकडे टाकून फॉर्म भरता आला असता. नंतर दुरुस्त करता येतो."

"मला वाटलं नियम म्हणजे नियम."

"नियम काय आहे ते तू मला विचारायचंस, एल्मा. मनाशी ठरवायचं नाहीस."

मग म्हणाल्या, पूरक अनुदान या वर्षीचं संपलं, त्यात काही करता येणार नाही. ते खरंच संपलं होतं, माझं समाधान करायला त्या खोटं बोलल्या नाहीत. पण वर्क-स्टडीचं बघू, म्हणाल्या. आणि एक गोष्ट सांगितली ती मला कधी सुचली नसती. कॉलेजनं फार पैसे न वापरता परत पाठवले तर पुढच्या वर्षी त्यांना कमी मिळू शकतात. "म्हणजे तुला जेवढी माझी गरज आहे," त्या म्हणाल्या, "तेवढीच मला तुझी. पैसे कपाटात ठेवून माझं काय भलं होणार?" मी वर्षभर समजत होते की त्या पैशांवर पहारा करायला बसल्यात.

गेल्या गुरुवारी निरोप आला. कोणाचे तरी तास उरले होते, ते मला दिले. मागच्या वर्षीपेक्षा कमी आहेत, त्यामुळे शुक्रवार-शनिवार पिझ्झा चालूच राहील. मी विचारलं, उरले म्हणजे कोणाचे? ती व्यक्ती कुठे गेली? ते सांगता येत नाही, म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हापासून जेवणघरात मी रिकाम्या खुर्च्या बघते. सैन्यात गेला असेल, की आजारी पडला, की दुसरीकडे मोठी शिष्यवृत्ती मिळाली? शेवटचंच झालं असावं असं मी मनाशी धरलंय.

ऑस्बीबाईंनी माझं टेबल कोणाला दिलं नव्हतं. मला वाटलं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "आलीस? त्या डब्यातून सुरू कर."

आईला खरं सांगितलं. पिझ्झाचंही. फोनवर तिच्या काठीचा आवाज येत होता, म्हणजे फेऱ्या मारत होती. मग म्हणाली, दर शनिवारी पत्र टाकत जा आणि त्यात खोटं लिहू नकोस, कंटाळवाणं लिहिलंस तरी चालेल.

बीजगणितात कुठे अडतोस ते लिहून पाठव.

एल्मा


मार्केट
२६ मार्च १९९५

प्रिय एल्मा,

तू पाठवलेली उदाहरणं सोडवून झाली. तिसरं तूच चुकलीयस, पुन्हा बघ.

मला वर्क-स्टडीत काम कुठे मिळालं माहीत आहे? कॉलेजबाहेरच्या सेवाभावी जागीही देतात म्हणे. मला पाठवलं लेम्पीच्या वृद्धाश्रमात. आठवड्यातून चार संध्याकाळी म्हाताऱ्यांना चालवतो, दाढी करून देतो, ताटं नेतो. ताटं लेम्पीच्या खिडकीतून घ्यावी लागतात. ती मला सगळ्यांसमोर "मिस्टर नीमी" म्हणते आणि ताट नीट धरलं नाही की काठी आपटते. परवा एका आजोबांना कुशीवर वळवलं, ते झोपेतून जागेही झाले नाहीत. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं, तेव्हा तू आठवलीस.

पर्किन्सचं कर्जही घेतलंय. सही करायच्या आधी एकदा पेन खाली ठेवलं होतं. मग तू लिहिलेलं आठवलं, की ते कोणीतरी परत केलेलं असतं. तर सही केली.

पगाराचं म्हणशील तर बोटीवर आठवड्याला जेवढं मिळायचं तेवढं इथे महिन्याला मिळत नाही. जानेवारीत गाडी विकली. या वेळच्या हिवाळ्यात पायी चालून मी सडसडीत झालोय. टेसियर बघेल तर ओळखणार नाही. त्याला पत्र टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं, त्यात नुसती माशाच्या रश्श्याची कृती आहे.

काल सू इथल्या पाणदाराची दारं उघडली. बर्फ फुटला. आज सकाळीच कॅप्टनचा फोन आला. मी त्याच्याबरोबर अकरा मोसम केले, कधी नाही म्हटलेलं नाही. त्यालाही ते ठाऊक आहे, म्हणून त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"नीमी, मंगळवारी निघतोय. तुझी जागा ठेवलीय. या वेळी बढती आहे."

मी खिडकीशी उभा होतो. तिथून पाणी दिसतं. लेम्पी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती आणि तिनं ओतणं थांबवलं होतं.

"मंगळवारी नाही जमणार, कॅप्टन. बुधवारी माझी परीक्षा आहे."

"कसली?"

"बीजगणिताची."

पलीकडे कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं, ते मला ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "बरं. मग त्यानंतर ये. पुढच्या फेरीला सूला चढ."

"त्यानंतर शरीरशास्त्राची आहे."

"कोणाच्या शरीराची?"

"सगळ्यांच्याच," मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "माझा उजवा गुडघा गेली दोन वर्षं दुखतोय." मी त्याला विचारलं, जिना चढताना की उतरताना? आणि मग आम्ही बराच वेळ बोललो.

तुझा,
अर्वोमामा